शूटिंग रेंज काढायची, तर परवाना कशाकशाचा?

प्रश्न : मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दहा मीटर एअर रायफल खेळतो, राज्य स्पर्धेपर्यंत गेला. आता नोकरी न शोधता सातपूरला गाळा भाड्याने घेऊन शूटिंग रेंज काढायची म्हणतो. बंदुकीचा विषय, म्हणून घरात धास्ती आहे. कायद्याने काय लागतं? यात पोट भरेल का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, एअर रायफलची रेंज आणि काडतुसांची रेंज या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्र नियम, 2016 नुसार 4.5 मिमीपर्यंत (.177) बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल जेमतेम सात-आठ ज्यूलची असते, म्हणजे मर्यादेच्या बरीच खाली. मात्र प्रत्येक बंदुकीचं बिल हवं, आणि कोणती बंदूक कोणाच्या हाती गेली याची नोंदवही रोज भरलेली हवी.

काडतुसांची पॉइंट टू-टू (.22) रायफल किंवा पिस्तूल आणलं की शस्त्र अधिनियम, 1959 लागू होतो. शस्त्र बाळगायला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, त्याखालच्या मुलांना देखरेखीखाली प्रशिक्षणापुरतीच सवलत. रायफल क्लबला सरकारी परवाना वा मान्यता, काडतुसांचा हिशेब, शस्त्रागाराची सुरक्षा हे सगळं त्यामागे येतं. माझं स्पष्ट मत : सुरुवातीला त्या वाटेला जाऊच नये.

आता गाळा. इथेच सर्वाधिक पैसे बुडतात. दहा मीटर हे अंतर फायरिंग लाइनपासून टार्गेटपर्यंत मोजतात, भिंतीपासून भिंतीपर्यंत नाही. नेमबाजामागे तीन-चार मीटर, टार्गेटमागे एखादा मीटर धरला, तर 14 ते 15 मीटर लांबी लागते. एका लेनला (एका नेमबाजाच्या पट्ट्याला) किमान एक मीटर रुंदी, म्हणजे सहा लेनसाठी साधारण 50 फूट बाय 20 फूट मोकळी जागा. मध्ये खांब नको. फायरिंग लाइनच्या पुढे दार किंवा खिडकी असेल, तर ती कायमची बंद करावी लागेल. टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर, त्यावर किमान 1500 लक्स (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश, खोलीत किमान 500. छर्रे अडवायला लोखंडी पत्रा सरळ उभा लावला तर ते उलटून येतात. पत्रा तिरपा, खाली ट्रे. शिशाची धूळ कोरड्या झाडूने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, आणि मुलांनी हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये, हे सक्तीने पाळा.

रायफलला हवा भरणारा सिलिंडर पेसोमान्य (पेसो म्हणजे अशा सिलिंडरना मान्यता देणारी केंद्रीय संस्था) घ्या. रायफलवरच्या सिलिंडरवर उत्पादनाची तारीख असते, दहा वर्षांनंतर तो वापरायचा नाही. जुनी रायफल स्वस्तात मिळाली म्हणून घेणारे नेमके इथे फसतात.

सातपूरचा गाळा एमआयडीसीच्या जागेवर असेल, तर पोटभाड्याला एमआयडीसीची परवानगी लागते आणि जागेचा वापर औद्योगिक धरलेला असतो. मालक "चालतं हो" म्हणेल, तेवढ्यावर करार करू नका. अग्निशमनाची व्यवस्था असेल तिथे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. कामगार मोजकेच असल्यास दुकाने व आस्थापना कायद्याखाली (2017) फक्त ऑनलाइन सूचना पुरते. क्लब म्हणून नोंदणी करायची तर किमान सात सदस्य जमवून धर्मादाय आयुक्तालयात जायचं, राज्य रायफल संघटनेची संलग्नता त्यानंतर.

एअर रेंज असली तरी जागेचा नकाशा आणि बंदुकांची यादी जोडून पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला लेखी अर्ज द्या. जागा शहर हद्दीबाहेर असेल, तर अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. लेखी उत्तर हातात येईपर्यंत अनामत भरू नका.

पोटापाण्याचं म्हणाल, तर सहा लेन भाड्याने देऊन घर चालत नाही. उत्पन्न नियमित शिकवणीतून येतं, आणि पालक प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र पाहूनच मूल पाठवतात. पॅरिस ऑलिंपिकचा (2024) कांस्यपदक विजेता स्वप्नील कुसाळे याने नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत धडे गिरवले, त्यामुळे इथल्या पालकांना हा खेळ अनोळखी नाही. मुलाने बी.कॉम. पूर्ण करून प्रशिक्षकाचा कोर्स करावा, जमल्यास पंचांची परीक्षाही द्यावी, आणि वर्षभर चालत्या रेंजवर सहायक म्हणून काम करावं. गाळा त्यानंतर बघा.