दुकान साडेनऊला बंद, जेवण अकराला: वाचकांचे प्रश्न

जेवणाच्या वेळा आणि वजन या विषयावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली पत्रं या अंकात घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत आणि सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: नवी पेठेत माझं कापडाचं दुकान आहे. सकाळी चहा-बिस्किटं, अकराला पोहे, दुपारचा डबा साडेतीनला. दुकान साडेनऊला बंद होतं, घरी जेवायला पावणेअकरा-अकरा वाजतात आणि बाराच्या आत झोपतो. जेवण फार नाही, तरी पोट सुटत चाललंय. उशिरा जेवल्यामुळे खरंच वजन वाढतं का?

उत्तर: वाढायला हातभार लागतो. सगळा दोष मात्र उशिराचा नाही.

शरीरात एकच घड्याळ नसतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर मुख्य घड्याळ असतं आणि ते उजेडावर चालतं. यकृत, स्वादुपिंड, स्नायू, चरबी यांची आपापली वेगळी घड्याळं असतात. ती बरीचशी जेवणाच्या वेळेवर लागतात. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात १० पुरुषांची जेवणं ५ तास उशिरा देऊन पाहिली होती. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तातल्या साखरेचा रोजचा चढउतार ५ तासांहून थोडा जास्तच पुढे सरकला, पण मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक जागचं हललं नाही. म्हणजे मेंदूच्या लेखी रात्र झालेली आणि यकृत अजून जेवणाची वाट बघतंय, अशी फारकत होते. तुमच्याकडे हे रोजचंच आहे.

त्यात रक्तातली साखर उतरवणाऱ्या इन्सुलिनचा गुण सकाळी जास्त येतो, रात्री कमी. झोपेच्या नेहमीच्या वेळेआधी साधारण दोन तास मेलाटोनिन चढायला लागतं आणि त्यामुळे स्वादुपिंड इन्सुलिन सोडताना हात आखडतं. तेच पिठलं-भाकर सकाळी नऊला खाल्लं तर साखर जेवढी चढेल, त्याहून ती रात्री अकराला जास्त चढते आणि उतरायलाही वेळ लावते.

वजनाचं म्हणाल, तर २०२२ साली बोस्टनमध्ये १६ जणांवर झालेला प्रयोग सगळ्यांत काटेकोर आहे. अन्न तेच, तेवढंच, फक्त चार तास उशिरा. भूक वाढली, पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन घटलं आणि जागेपणी खर्च होणारी ऊर्जा सुमारे ५ टक्के कमी झाली. हे ५ टक्के म्हणजे दिवसाला जेमतेम चमचा-सव्वा चमचा तेलाएवढी ऊर्जा. आमच्या मते खरा घोटाळा भुकेचा आहे. दिवसभर अर्धपोटी राहिलेला माणूस रात्री ताटावर बसतो, तेव्हा ‘जेवण फार नाही’ हा त्याचा अंदाज सहसा चुकतो. आठ दिवस रात्रीच्या ताटातलं सगळं लिहून काढा, भाकरीवरचं तेल आणि शेंगाचटणीसकट. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम शेंगाचटणीत शंभरेक कॅलरी सहज असतात.

आता करायचं काय? दुकान लवकर बंद करा असं सांगण्यात अर्थ नाही. रात्रीचं जेवण दुकानात आणा. सोलापुरात ऊन उतरल्याशिवाय गिऱ्हाईक फारसं बाहेर पडत नाही, त्यामुळे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान वीस मिनिटं निघतात. तेव्हा दोन मध्यम भाकरी (प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाची), वाटीभर उसळ, भाजी आणि कांदा-काकडी एवढं पूर्ण जेवण उरकायचं. घरी गेल्यावर वाटीभर पातळ आमटी किंवा ताक, वाटल्यास थोडी भाजी. भाकरी-भात नाही. सकाळी बिस्किटांऐवजी साडेआठला खरा नाश्ता करायचा: दोन अंडी आणि एक भाकरी, किंवा दोन मुगाची धिरडी आणि दही. दुपारचं जेवण दीडच्या आत.

हे फसतं ते दोन ठिकाणी. सहाला डबा खाल्ला तरी घरी सगळे जेवायला बसलेले असतात, मग अकराला पुन्हा ताट वाढलं जातं आणि तीनाची चार जेवणं होतात. म्हणून घरच्यांना आधी सांगून तुमच्या भाकरी डब्यातच पाठवायला सांगा, घरी उरायलाच नकोत. दुसरं म्हणजे घाई. भूक लावणारं घ्रेलिन जेवणाच्या ठरलेल्या वेळेलाच उसळतं. पहिले आठ-दहा दिवस रात्री अकराला पोट ओरडणारच. जेवण एकदम चार तास मागे ओढण्यापेक्षा दर चार-पाच दिवसांनी अर्धा तास ओढा, त्रास कमी होतो.

डब्यात कडक भाकरी नेणार असाल तर एक लक्षात ठेवा. ती विटत नाही, सोयीची आहे, पण तिच्यातलं पाणी उडालेलं असतं. हाताला हलकी लागते म्हणून दोनाच्या चार होतात. पीठ मऊ भाकरीएवढंच गेलेलं असतं, फक्त पातळ थापल्यामुळे ते कळत नाही. कडक भाकरी मोजायची ती पिठावरून.

प्रश्न: अक्कलकोट रोडला यंत्रमागावर कामाला आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, दोन्ही बारा तासांच्या. रातपाळीत मध्यरात्री जेवतो, वर पाच-सहा चहा होतात. वजन वाढलंय आणि पित्तही होतं. कधी जेवावं?

उत्तर: दर आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळे मेंदूचं घड्याळ रातपाळीला कधीच पुरतं जुळत नाही. जुळायला लागतं तोच आठवडा संपतो. ते जुळवण्याच्या नादी न लागता पोटाच्या घड्याळाला दिवसाच्याच बाजूला धरून ठेवा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९ जणांना प्रयोगशाळेत कृत्रिम रातपाळीवर ठेवलं होतं. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्के वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही.

प्रयोगशाळेत खुर्चीवर बसून जागणं वेगळं आणि मागावर बारा तास उभं राहणं वेगळं. रात्रभर काहीच खाऊ नका असं आम्ही सांगणार नाही. पाळी आठला लागत असेल तर साडेसहा-सातला घरून पोटभर जेवून निघा: दोन-तीन भाकरी, डाळ किंवा मटकीची उसळ, भाजी. रात्री साडेबारा-एकला छोटं खाणं. मूठभर, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम फुटाणे आणि ताक, किंवा एक उकडलेलं अंडं आणि केळं. एक ते सहा काही खायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. मागाच्या खोलीत घाम खूप जातो आणि तहानेलाच पुष्कळदा भूक समजलं जातं.

चहाचं गणित करून बघा. अर्धं दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या एका कपात ६०-७० कॅलरी, म्हणजे सहा कपांत चारशेच्या आसपास, दोन भाकरींएवढ्या. पहाटे तीन-चारला शरीराचं तापमान सगळ्यांत खाली गेलेलं असतं, थंडी वाजल्यासारखं होतं, डुलकी येते आणि तेव्हाच चहा-भजी हवीशी वाटतात. तिथेच पित्ताचं मूळ आहे. त्या वेळी पोट मंद चालतं आणि तळलेलं तासन्‌तास पडून राहतं. चहा दोन कपांवर आणा, दुसरा कप रात्री एकच्या आत. चहातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं, त्यामुळे पहाटेचा चहा सकाळची झोप मोडतो. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, हा फेरा वेगळाच.

सुटल्यावर सकाळी हलकं खा: एक भाकरी आणि दही, किंवा वाटीभर उपमा. उपाशी झोपलात तर अकराला भुकेनं जाग येईल. घरी जाताना काळा चष्मा लावा, खोलीत जाड पडदा सोडा. तीन-साडेतीनला उठल्यावर पुन्हा नीट जेवा. दिवसपाळीच्या आठवड्यातही रात्रीचं जेवण आठ-साडेआठच्या पुढे नेऊ नका, म्हणजे दोन आठवड्यांत संध्याकाळच्या जेवणाचं अंतर फार पडणार नाही.

प्रश्न: मी दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खाते. पहिल्या महिन्यात ३ किलो उतरले, नंतर दोन महिने काटा हललेला नाही. वेळ सहा तासांवर आणू का?

उत्तर: नको. पहिल्या पंधरवड्यात उतरतं त्यात पाणी बरंच असतं. शरीर साखर साठवतं ती ग्लायकोजेनच्या रूपात, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. साठा घटला की ते निघून जातं. त्यानंतरची घट फक्त कमी खाल्ल्यानं होते. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या होत्या. एका गटानं सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खाल्लं, दुसऱ्यानं वेळेचं बंधन पाळलं नाही. वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. आठ तासांच्या चौकटीचा उपयोग होतो तो रात्रीचा चिवडा आणि टीव्हीसमोरचं खाणं बंद होतं म्हणून. तुमच्या आठ तासांत काय काय जातं ते आधी बघा.

तास कमी करण्यापेक्षा चौकट अलीकडे आणा: सकाळी ९ ते संध्याकाळी ६ किंवा ७. सकाळी जास्त खावं की नाही यावर दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. २०१३ साली इस्रायलमध्ये १४०० कॅलरींच्या आहारात ७०० कॅलरींचा नाश्ता करणाऱ्या स्त्रियांचं १२ आठवड्यांत सरासरी ८.७ किलो वजन उतरलं आणि ७०० कॅलरींचं रात्रीचं जेवण घेणाऱ्यांचं ३.६ किलो. २०२२ साली अ‍ॅबर्डीनमध्ये ३० जणांना सगळं अन्न मोजून पुरवलं, तेव्हा दोन्ही पद्धतींत वजन सारखंच उतरलं. फक्त सकाळी जास्त खाल्लं त्या काळात भूक कमी लागली. आमचा कल दुसऱ्या अभ्यासाकडे आहे. सकाळच्या खाण्यात जादू नाही, पण भूक आवरली की ताट आपोआप आवरतं.

प्रश्न: आम्ही जैन आहोत, घरात सगळे सूर्यास्ताआधी जेवतात. मग माझं वजन ८२ किलो कसं?

उत्तर: वेळेच्या बाजूनं तुमचं घर इतरांच्या पुढे आहे, पण घड्याळ प्रमाण माफ करत नाही. डिसेंबरात सोलापुरात सहाच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. हिवाळ्यात साडेपाचला जेवायचं असलं तरी चारचा फरसाण-चहा सुटत नाही, आणि रात्री भूक लागेल या धास्तीनं संध्याकाळी पोटाला तड लागेपर्यंत जेवलं जातं. चारचं खाणं पूर्ण बंद करा. तूप मोजून घ्या: दिवसाला दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम, ९० कॅलरी. सध्या पोळीवर, भातावर आणि वरणात मिळून किती जातं ते एकदा वाटीत काढून बघा.

प्रश्न: मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. वजनासाठी रात्रीचं जेवण सोडलं तर?

उत्तर: डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस नको. ग्लिमेपिराइड जेवण आलं की नाही हे बघत नाही, ते इन्सुलिन सोडायला लावतंच. जेवण चुकलं तर मध्यरात्रीनंतर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड ही तिची लक्षणं. तसं झालंच तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. रात्रीचं जेवण आठच्या आधी आणायला हरकत नाही, पण गोळीची वेळ आणि मात्रा त्याबरोबर बदलावी लागते का हे डॉक्टर ठरवतील. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू.

प्रश्न: सकाळी सहाचा चहा ‘खाणं’ धरायचा का?

उत्तर: दूध-साखरेचा असेल तर हो, घड्याळ तिथून सुरू. कोरा, बिनसाखरेचा असेल तर वजनापुरता धरू नका.

प्रश्न: संकष्टीला चंद्रोदयानंतर, म्हणजे कधी कधी दहाला जेवण होतं. एकादशीही असते. यानं घड्याळ बिघडतं का?

उत्तर: संकष्टी महिन्यातून एकदा येते. एका रात्रीनं काही बिघडत नाही, बिघडतं ते रोजच्या सवयीनं. त्या दिवशी चंद्र बघून एक मोदक, अर्धी वाटी वरणभात आणि भाजी एवढ्यावर थांबा, आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता नेहमीच्या वेळेलाच करा. एकादशीचं मात्र लोक म्हणतात तसंच होतं, ‘एकादशी अन्‌ दुप्पट खाशी’. एका बशीभर खिचडीत ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप आणि बटाटा धरला तर साडेचारशे ते पाचशे कॅलरी होतात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. भगर आणि दाण्याची आमटी दुपारी एकदाच खा, संध्याकाळी दही आणि एखादं फळ. खिचडीच हवी असेल तर ती सकाळी करा, रात्री नाही.