दारावरची अक्षरं खरवडू नका

प्रश्न तुमचे, पाना आमचा

प्रश्न : ज्यांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो, ते मिस्त्री गेल्या श्रावणात वारले. त्यांची १९६७ ची महिंद्रा एफसी-१५० पेट्रोल पिकअप काकूंनी मला दिली. नऊ वर्षं शेडमध्ये उभी आहे. दारावर मिस्त्रींनी ब्रशने रंगवलेलं गॅरेजचं नाव आहे. त्यांच्या वहीत टॅपेटपुढे नुसतं ‘१८-१६’ लिहिलंय. वर्षश्राद्धाला गाडी चालवत काकूंच्या दारात न्यायची इच्छा आहे. सगळा रंग काढून नव्यासारखी करू का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी वहीतलं कोडं. या हरिकेन इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये असतात. म्हणून व्हॉल्व्हच्या फटीचे दोन आकडे. इनलेटला १८ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला १६ थाउ, दोन्ही इंजिन थंड असताना. उलट लावलेत तर एक्झॉस्टला गरजेपेक्षा जास्त फट मिळून टॅपेट वाजतील. बाकी डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट २० थाउ, प्लगची ३० थाउ, फायरिंगचा क्रम १-३-४-२.

आता इंजिन. धक्का मारून सुरू करायचा मोह आवरा. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं घाला आणि तीन दिवस थांबा. मग टॉप गिअरमध्ये घालून गाडी हातानेच पुढे-मागे बोटभर हलवा. इंजिन सुटलं की बाजूचं टॅपेट कव्हर उघडून चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली परत बसतात का ते बघा. उभ्या गाडीत हेच गंजून गाइडमध्ये अडकतात. एखादा वरच राहिला असेल तर हेड उतरवावंच लागेल. एक बोल्ट कार्बोरेटरखाली लपलेला असतो. तो न काढता पहार घालून हेड उचकटायला गेलेल्यांनी हेड फोडलेली आहेत. परत बसवताना मधून बाहेर कसत जा, टॉर्क ६० ते ७० फूट-पाउंड.

चारही सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा पीएसआयपेक्षा जास्त फरक नसेल, तर सिलिंडर बोअर करायच्या (आतून कातून मोठे करायच्या) भानगडीत पडू नका. मिस्त्रींनी बसवलेल्या रिंगा आहेत, चालू द्या.

इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा मात्र नवा घाला, तोही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा. जुना पडदा आजच्या पेट्रोलने फुगतो, फाटतो आणि पेट्रोल थेट खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला की इंजिन सुरूच करू नका. पातळ ऑइलने बेअरिंग जातात. पंपाला वायपरसाठी व्हॅक्यूमचा दुसरा पडदा असेल तर तोही बदला. तो फाटला की इंजिन चेंबरमधलं ऑइल ओढून निळा धूर काढतं आणि लोक उगाच रिंगांवर खापर फोडतात.

ब्रेकच्या बाबतीत भावना बाजूला ठेवा. एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. मास्टर सिलिंडरचं किट, चारही व्हील सिलिंडरचे कप, रबरी होज, सगळं नवं. पाइप स्टीलचेच घ्या. तांब्याचा हादऱ्याने कडक होऊन चिरतो. मिस्त्रींनी पितळेची झाळ दिलेला पाइप किंवा स्टिअरिंगचा आर्म सापडला तर काढून भिंतीवर टांगा. सायलेन्सरच्या ब्रॅकेटवर किंवा हौद्यावर त्यांची झाळ असेल तर तिला हात लावू नका.

आणि दार. रंग काढू नका, त्यावर टू-के क्लिअरही (हार्डनर घालून मारायचं पारदर्शक लॅकर) मारू नका. त्यातलं सॉल्व्हंट जुन्या इनॅमलला उठवतं, अक्षरं सुरकुततात. सौम्य साबणाच्या पाण्याने, कापसाच्या बोळ्याने पुसा. आधी कोपऱ्यात करून बघा, बोळ्यावर रंग उतरला तर तिथेच थांबा. कोरडं झाल्यावर साधं मेण. गंज आतून येतो, म्हणून दाराच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी करा, आतून गंजरोधक मेण फवारा. कामाला लागण्याआधी अक्षरं ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवा. पत्र्याचं काम करणाऱ्याचा ग्राइंडर कधी घसरेल सांगता येत नाही. नावाची पाटी लावायची असेल तर पत्र्याला भोक न पाडता इंजिन कव्हरच्या असलेल्या बोल्टवर लावा.

तारीख गाठायला म्हणून ब्रेक उरकू नका. वर्षश्राद्धाला गाडी ट्रेलरवर गेली तरी काकू काही म्हणणार नाहीत.

प्रश्न : मालक वारले असतील तर अशी गाडी नावावर कशी होते? व्हिंटेज नंबर घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने. मुदत मृत्यूपासून तीन महिने. त्यानंतर वारसाकडून तुमच्याकडे फॉर्म २९ आणि ३० ने. वारसाची पायरी वगळून थेट तुमच्या नावावर करायला जाऊ नका, तिथेच फाइल अडते. ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, मूळ रूपातल्या, खासगी गाड्यांसाठी आहे. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण मग गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. बाजारहाटाला न्यायची असेल तर नेहमीची नोंदणीच नूतनीकरण करून घ्या. आरसी बुकात पिकअप मालवाहू म्हणून लिहिलेली असेल, तर पैसे भरण्याआधी आरटीओत विचारा.