नवा मॅकबुक येणार म्हणून थांबावे का? फोंड्याच्या एका डीटीपीवाल्याचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे : अ‍ॅपल ओएलईडी पडद्याचा, टचस्क्रीन असलेला मॅकबुक प्रो आणणार अशी चर्चा आहे, प्रश्नकर्त्याचा लॅपटॉप सहा वर्षांचा झाला असून व्हिडिओ संपादनात अडखळतो, तर आता अ‍ॅपलच्या एम५ चिपचा मॅकबुक घ्यावा की नव्यासाठी थांबावे? काम अडत असेल तर आता घ्यावा. एवढे लिहून मी थांबलो असतो. परंतु ‘थांबा’ हा सल्ला आमच्या घरात गेली साडेपाच वर्षे वादाचा विषय होऊन बसला आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार.

मी फोंड्यात डीटीपी आणि ऑफसेट छपाईचा व्यवसाय करतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जत्रोत्सवाच्या पत्रिका, नाटकांची हँडबिले आणि वर्षाकाठी एखाद-दुसरी स्मरणिका असे आमचे काम आहे. जून २०२० मध्ये, मिरगाच्या सुमारास, एका रात्री वीज कडाडली आणि सकाळी माझा जुना संगणक सुरूच झाला नाही. यूपीएस होता, पण विजेने इंटरनेटच्या केबलची वाट धरली होती. केबल काढून पाहिली तेव्हा पोर्टाची कड काळी पडलेली होती आणि खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास भरून राहिला होता. टाळेबंदीचा तो पावसाळा तसा रिकामाच होता, परंतु एका नाट्यमंडळाच्या स्मरणिकेची निम्मी पाने लावून झाली होती, आणि उरलेली पाने लावायला यंत्र नव्हते.

नेमके त्याच महिन्यात, २२ जूनला, अ‍ॅपलने जाहीर केले की मॅकमधले इंटेलचे प्रोसेसर जाऊन कंपनीच्या स्वतःच्या चिप येतील, त्यातला पहिला मॅक वर्षअखेरपर्यंत बाजारात येईल आणि संपूर्ण बदलाला सुमारे दोन वर्षे लागतील. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ४ ऑगस्टला, त्याच कंपनीने इंटेलचाच २७ इंची नवा आयमॅक, म्हणजे पडद्यातच संगणक असलेले यंत्र, विक्रीला काढला. मी तो चवथीच्या आधी मागवला. माझा धाकटा मेहुणा म्हापशाला लग्नसमारंभांचे फोटो काढतो आणि त्यांचे अल्बम लावतो. अ‍ॅपल पुढे काय आणणार याविषयी इंटरनेटवर येणारा शब्दन्‌शब्द तो वाचतो, आणि वाचलेले स्वतःपाशी ठेवत नाही. चवथीच्या दुसऱ्या दिवशी तो गणपतीच्या दर्शनाला आला, त्याने माटोळीखाली उभे राहून हात जोडले आणि पुढच्याच वाक्यात मला ऐकवले, ‘‘भावोजी, तुम्ही शिळे पाव ताज्याच्या भावाने घेतलेत.’’ त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी पाच-सहा महिने थांबायला हवे होते. पातोळ्या पानात पडेपर्यंत तो हेच सांगत होता आणि पातोळ्या संपल्यावरही त्याने विषय सोडला नाही.

मी का थांबलो नाही हे त्याला आजवर पटलेले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो. माझ्याकडच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, नाहीत. ज्या मराठी फाँटांत आम्ही वीस वर्षे पाने लावली, त्यांचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते आणि यूएसबीला डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याखेरीज उघडत नाही. त्या फायली युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक मी वापरून पाहिले होते. एका देवस्थानच्या पत्रिकेत ‘शांतादुर्गा’चे ‘शांतादुगार्’ झाले, म्हणजे रफार आपले अक्षर सोडून शेवटी जाऊन बसला, आणि ही चूक प्रूफ वाचताना माझ्या नजरेतूनही एकदा निसटली होती. देवीचे नाव चुकलेली पत्रिका घेऊन देवस्थानचे महाजन दारात उभे राहतात तेव्हा प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे हे कोणी विचारत नाही. इंटेलच्या मॅकवर बूट कँप वापरून विंडोज थेट चालवता येत असे. नव्या चिपांवर ती सोय असणार नाही, हे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्या जूनमध्येच स्पष्ट केले होते. सगळे जग ज्या यंत्राची वाट पाहत होते ते माझ्या कामाला चालणार नव्हते, आणि ज्याला मेहुणा शिळे म्हणत होता ते अशा प्रकारचे शेवटचे यंत्र होते.

आणखी एक गोष्ट होती. त्या आयमॅकच्या मागच्या बाजूला, वीजतार जेथे लागते तिच्या लगेच वर, एक बारीक बटण असते. तार काढून ते दाबले की लहानसे झाकण उघडते आणि मेमरीच्या चार खाचा समोर येतात. मी मूळ आठ जीबीचा आयमॅक घेतला आणि बाजारातून सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या आणून स्वतःच्या हाताने बसवल्या. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपांमध्ये मेमरी चिपच्याच पाकिटात असते आणि मागाहून वाढवता येत नाही. ही बाब प्रश्नकर्त्यालाही लागू आहे : व्हिडिओ संपादन करायचे असेल तर सोळा जीबीवर समाधान मानू नये, घेतानाच चोवीस किंवा अधिक घ्यावी. सध्या मेमरीचे भाव जगभर चढलेले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरे तीच मेमरी उचलत आहेत. तेव्हा वर्षभर थांबल्याने स्वस्त मिळेल, हे गृहीत धरू नये.

आता अफवांविषयी. त्या सगळ्या खोट्या असतात असे मी म्हणत नाही; उलट सुट्या भागांविषयीच्या बातम्या बऱ्याचदा खऱ्या ठरतात. पडदा कोणता तरी कारखाना बनवतो, त्यासाठी यंत्रसामग्री बसवतो, गुंतवणूकदारांना आकडे सांगतो, आणि तेथून बातमी झिरपते. काही देशांत विक्रीपूर्व नोंदणी करावी लागते, त्या यादीत मॉडेलचे क्रमांक दिसतात. चाचणीसाठी दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अजून न आलेल्या यंत्रांची नावे सापडतात. टचस्क्रीनच्या मॅकबुकची बातमी देणारे ब्लूमबर्गचे मार्क गुरमन हे काही बाजारबुणगे नव्हेत. त्यांनी २०२६ ची अखेर किंवा २०२७ ची सुरुवात असा काळ सांगितला आहे. माझे म्हणणे एवढेच की भाग तयार होणे, वस्तू तयार होणे आणि ती आपल्या टेबलावर येऊन आपले काम करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अफवेला फार तर पहिली ठाऊक असते.

दुसरीची खात्री तर खुद्द कंपनीलाही नसते. सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या मंचावरून एअरपॉवर नावाची चार्जिंगची चटई दाखवली, ‘पुढच्या वर्षी’ असे सांगितले आणि मार्च २०१९ मध्ये ती रद्द केल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात आलेल्या नव्या एअरपॉड्सच्या खोक्यावर तिचा उल्लेख छापलेला होता. छपाईवाला म्हणून माझा जीव त्या खोक्यांसाठी हळहळला. अ‍ॅपलच्या मोटारीविषयी दहा वर्षे लिहिले गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो प्रकल्प गुंडाळल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड येण्यापूर्वी त्याची किंमत हजार डॉलर असेल असे जाणकार सांगत होते; ती निघाली ४९९. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी उभ्या पडद्याला बोटे लावून काम करण्याची कल्पना हात दुखतो म्हणून मोडीत काढली होती. आता तीच गोष्ट नवलाची म्हणून येणार असेल तर जरूर येवो, पण प्रश्नकर्त्याने व्हिडिओ कापण्यासाठी टाइमलाइनवर बोट फिरवायचे आहे का, हे आधी स्वतःला विचारावे.

थांबण्याचा रोग जुनाच आहे. १९८१ मध्ये ऑस्बोर्न १ नावाचा उचलून नेता येणारा संगणक आला : वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंची, किंमत १,७९५ डॉलर. तो भराभर खपला. मग कंपनीने पुढच्या मॉडेलची वाच्यता आधीच केली, दुकानदारांनी जुन्याच्या मागण्या थांबवल्या, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पैसा इतर कारणांनीही अडला होता असे काही अभ्यासक सांगतात, तरी या प्रकाराला ‘ऑस्बोर्न परिणाम’ हे नाव चिकटले ते चिकटलेच. त्या कंपनीचा संस्थापक अ‍ॅडम ऑस्बोर्न याचे बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलैला गेले आणि २००३ मध्ये तो वारला तो कोडाईकनालला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. अ‍ॅपल एवढी गुप्तता का पाळते याचे निम्मे उत्तर या एका गोष्टीत आहे. चालू माल पडून राहावा असे कोणत्या दुकानदाराला वाटेल?

माझ्या मेहुण्याला मात्र कोणी दुकानदार अडवू शकला नाही. १० नोव्हेंबर २०२० ला एम१, म्हणजे मॅकसाठीची अ‍ॅपलची स्वतःची पहिली चिप, आला, त्याची स्तुती सुरू झाली आणि मला रोज एक दुवा येऊ लागला. एवढे झाल्यावर त्याने स्वतः तो घ्यावा की नाही? घेतला नाही, कारण ‘मोठ्या पडद्याचा आयमॅक येतोय’. एप्रिल २०२१ मध्ये सात रंगांतला २४ इंची आयमॅक आला; अल्बमची दोन पाने शेजारी-शेजारी पाहायला तो त्याला लहान वाटला, आणि त्याच्या मते मोठा सहा महिन्यांवर होता. मार्च २०२२ मध्ये अ‍ॅपलने २७ इंची आयमॅक यादीतूनच काढून टाकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने ‘द व्हर्ज’ या संकेतस्थळाला सांगितले की नव्या चिपचा २७ इंची आयमॅक करण्याचा आमचा विचार नाही. तेव्हा तो म्हणाला, ‘‘सत्तावीसचा नाही म्हणालेत भावोजी, बत्तीसचा नाही असं कुठं म्हणालेत?’’ दुकानांत लावायला आमच्याकडून ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी छापून नेतात, तिच्यातल्या ‘उद्या’वर इतका विश्वास ठेवणारा गिऱ्हाईक मी दुसरा पाहिलेला नाही.

या मधल्या काळात अल्बम कोठे लागत होते? माझ्याकडे. लग्नसराईत तो म्हापशाहून फोंड्याला स्कूटरवरून येतो, डिकीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली हार्ड डिस्क असते, आणि मी दुकान बंद करण्याच्या वेळी तो माझ्या शिळ्या पावासमोर बसून रात्री अकरापर्यंत पाने लावतो. मी त्याच्याकडून एक पैसाही घेतलेला नाही. त्याची बहीण चहा पाठवते आणि मला बजावते की यावरून बोलायचे नाही. म्हणून मी येथे लिहीत आहे.

आता काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत, नाहीतर प्रश्नकर्त्यावर अन्याय होईल. माझी मुलगी एम१ चा मॅकबुक एअर वापरते. त्यात पंखा नाही, आणि तरी जी मोठी फाइल बाहेर काढताना माझा आयमॅक गिरणीसारखा घरघरतो ती फाइल तिच्याकडे आधी तयार होते. माझ्यासारखी डोंगलची बेडी पायात नसती तर २०२० साली थांबणेच शहाणपणाचे होते, हे मी कबूल करतो. फक्त ते थांबणे अफवेसाठी नसते, कंपनीने मुदत घालून केलेल्या घोषणेसाठी असते, हा फरक मेहुण्याला कळत नाही. जून २०२५ मध्ये अ‍ॅपलने सांगितले की मॅकओएस टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल. माझा आयमॅक तिच्या यादीत आहे, पण त्यापुढे रस्ता नाही. ही बातमी मला प्रथम कोणी पाठवली हे सांगायला नको.

प्रश्नकर्त्यासाठी आणखी एक. संपूर्ण नवी घडण असलेले यंत्र पहिल्याच वर्षी घेऊ नये. २०१५ मध्ये मॅकबुकला बटरफ्लाय कळफलक आला, त्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१८ मध्ये कंपनीला विनामूल्य दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९ च्या अखेरीस ती जुन्या धाटणीच्या कळांकडे परतली. ओएलईडी आणि टचस्क्रीन एकदम येणार असतील तर पहिला नग दुसऱ्यांनी वापरू द्यावा. म्हणजे तुमचे थांबणे वर्षाचे नसून दोन वर्षांचे आहे, आणि दोन वर्षे अडखळत काम करण्यात जी गिऱ्हाइके जातील त्यांचा हिशेब कोणतीही बातमी मांडत नाही. तुमचा लॅपटॉप नुसता जुना असेल पण काम अडत नसेल, तर मात्र खुशाल थांबा. तेथे माझे आणि मेहुण्याचे एकमत होईल.

मलाही यंदा नवे यंत्र घ्यायचे आहे. जुन्या फायलींपैकी ज्या देवस्थानांच्या पत्रिका दरवर्षी लागतात त्या मी स्वतः बसून रफारासकट युनिकोडमध्ये आणल्या आहेत. उरलेल्यांसाठी आयमॅक डोंगल लावून कोपऱ्यात राहील. या वेळी एम४ चा मॅक मिनी आणि वेगळा मॉनिटर असा बेत आहे, कारण आयमॅकचा सुंदर पडदा दुसऱ्या यंत्राला जोडता येत नाही, आणि मॉनिटर वेगळा असला की पुढच्या वेळी फक्त डबी बदलावी लागते. ३१ मार्चच्या आत घेतला तर तो याच वर्षाच्या घसाऱ्यात बसेल आणि जीएसटीचे इनपुटही मिळेल. मेहुण्याने हे ऐकले आणि लगेच सांगितले की एम५ चा मिनी येणार आहे, थोडे थांबा. येत्या रविवारी तो तीन लग्नांचे अल्बम घेऊन येतो आहे.