डायव्हरला ओढून नेणारी पाण्याखालची स्कूटर घरी बनवताना आधी काय ठरवावे?
मोटारीच्या आधी वजनाचा हिशेब करावा. 160 मिलिमीटर बाह्य व्यासाचा, 60 सेंटिमीटर लांबीचा बंद पीव्हीसी पाइप सुमारे 12 लिटर पाणी बाजूला सारतो, आणि समुद्राचे तेवढे पाणी साधारण 12.3 किलो भरत असल्याने मोटार, बॅटरी व भरीचे शिसे धरून यंत्राचे वजनही तेवढेच हवे. अन्यथा ते डायव्हरला वर तरी खेचेल किंवा खाली तरी. 30 मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून पंख्याच्या दांड्याला फिरत्या दांड्यासाठीचेच सील बसवावे. लेड-ॲसिड बॅटरीतून निघणारा हायड्रोजन बंद नळीत साठून ठिणगीने स्फोट होऊ शकतो, तेव्हा चार्जिंग झाकण उघडूनच करावे. बटण सोडताच मोटार थांबलीच पाहिजे. इथे तडजोड नको.