हाकेला पुरेल असं नाव

चि. लेखिकेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या गोष्टीतल्या कड्यावरच्या लोकांची ४२ नावं वाचली. झ्रेथ, क्वॅल्थ, थ्रॉस्क. आता ती मोठ्यानं म्हणून बघ. हे लोक दरीच्या दोन्ही अंगांना राहतात ना? मग अलीकडची आई पलीकडच्या पोराला जेवायला कशी बोलावते? 'थ्रॉस्क' वाऱ्यातच विरेल. आपल्याकडे हाक मारताना पांडूचा पांड्या होतो, गंगूची गंगे होते, आणि शेवटचा स्वर हवा तेवढा ताणता येतो. तुझ्या लोकांनाही एक ठेवलेलं नाव दे आणि एक हाकेचं.

पान ९ वर तू लिहिलंस, 'मेलेल्याचं नाव ते घेत नाहीत.' मी सावरून बसलो. आणि पान ३१ वर नायक मेलेल्या बापाचं नाव तीनदा घेतो! अगं, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम वाळवंटातल्या आदिवासी समाजांत माणूस गेला की त्याचं नाव टाळतात. त्याच नावाचा दुसरा कुणी जिवंत असला तर त्यालाही 'कुन्मनारा' या बदली नावानं बोलवायचं. ऑस्ट्रेलियात काही ठिकाणी तर त्या नावासारखा ऐकू येणारा रोजचा शब्दही बाजूला ठेवतात आणि दुसरा वापरतात. आता तुझ्या गावात 'पाणी' नावाची म्हातारी मरू दे. दुसऱ्या दिवशी झऱ्यावर गेलेल्या मुली एकमेकींना काय म्हणतील?

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू समाजात सुना सासऱ्याच्या नावातली अक्षरंसुद्धा टाळत. त्या रिवाजाला 'ह्लोनिपा' म्हणतात, आणि त्यातून बायकांचे वेगळे शब्दच तयार झाले. आपल्या आज्या-पणज्यांनी पळवाट काढली ती उखाण्याची. नवऱ्याचं नाव एरवी घ्यायचं नाही, पण यमकात गुंफून घेतलं तर चालतं, वर बायका आग्रह करकरून घ्यायला लावतात. मला विचारशील तर बंदीपेक्षा पळवाट लिहिण्यात जास्त मजा आहे.

आणखी एक खटकलं. ४२ नावांत एकही कुरूप नाव नाही. सगळे वीर, तारे, वादळं. (नाव ठेवताना तुझी माणसं कधी घाबरलेली नसतातच का?) आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला दगडू, धोंडू म्हणत. दगडधोंड्याला कोण न्यायला येणार! आमच्या आळीत दोन धोंडू होते. दोघांच्याही आया त्यांना कधी नजरेआड होऊ देत नसत. आणि नकुशी तर तुला ठाऊकच आहे. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेच्या समारंभात २८५ नकुशींना नवी नावं मिळाली, काहींनी ती स्वतः निवडली. शाळेत जाणारी मुलगी हजेरीला रोज 'नको असलेली' या नावाला 'हजर' म्हणते, याचा विचार कर. तुझ्या कड्यावर अशी कोण आहे? मला तिच्याबद्दल वाचायचं आहे, सेनापतीबद्दल नाही.

बारशाचा प्रसंग मात्र झकास. आत्यानं कानात 'कुर्रर्र' करायचं आणि तिच्याच पाठीत धपाटे बसायचे, हे सरळ घरून उचललंस, ते बरंच केलंस. फक्त कड्यावर लाकडी पाळणा कुठून आला? झोळी कर.

पुढच्या खेपेला यादी पाठवू नकोस. झऱ्यावरच्या त्या मुली पाठव.

तुझे,
सर