शिक्षण चालू आहे? मग अपात्र!

आंब्याला मोहोर धरला की एक प्रश्न माझ्या खोलीत हमखास येतो. "मॅडम, सुट्टीत सरकारतर्फे काही काम मिळतं का हो? पगारी?" मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. दारावर परीक्षेची भीती, ताणतणाव, नैराश्य असं बरंच काही लिहिलेलं आहे. आत येऊन खुर्चीत टेकलेली मुलं बऱ्याचदा पैशांचंच बोलतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. झोप पैशांच्या काळजीनेही उडतेच की.

२०२५ च्या फेब्रुवारीत आली तिला सायली म्हणू. नाव बदललं आहे. देवगड तालुक्यातलं एक गाव, एवढी ओळख पुरे. एस. वाय. बी. कॉम., वय १९. वडील बंदरावर दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढल्या की घरातली रोकड थांबते, आणि टी. वाय.च्या प्रवेशाची फी नेमकी जूनमध्ये भरायची असते. बाबा कर्ज काढतील, आई गळ्यातलं मोडेल, आणि हे सगळं आपल्यामुळे, असं तिच्या डोक्यात रात्रभर फिरत होतं. पहाटे तीनला जाग येते म्हणाली.

हातात प्लास्टिकची फाइल. त्यात प्रिंटआउट. एकेका कागदावर लाल पेनाने फुली.

त्या फुल्यांतला पहिला कागद मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचा. २०२४ मध्ये सुरू झालेली, लोकांच्या तोंडी 'लाडका भाऊ' झालेली. बारावी पासला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. वय १८ ते ३५. सायली बारावी पास, वयात बसते, राज्याच्या रोजगार पोर्टलवर, म्हणजे महास्वयमवर, नोंदणी केलेली. आणि मग शासन निर्णयातली ती एक ओळ: शिक्षण चालू असलेले उमेदवार पात्र असणार नाहीत.

दुसरा कागद पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा. महिना ५,०००, वर्षभर, मोठमोठ्या कंपन्यांत. त्या वेळच्या नियमाप्रमाणे वय २१ ते २४ हवं आणि पूर्णवेळ शिक्षण चालू नको. इथे ती दोन्हीकडून पडली. तिसरा नीती आयोगाच्या इंटर्नशिपचा. तिथे शिकणाऱ्या मुलांना घेतात, पण पदवीच्या विद्यार्थ्याला बारावीत ८५ टक्के लागतात, आणि पैसे मिळत नाहीत. दिल्लीत सहा आठवडे स्वतःच्या खर्चाने राहायचं! एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, कागदही फाइलीत होता. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचं शिबिर. चांगली गोष्ट आहे, पण ती सेवा आहे, पगार नाही.

"म्हणजे शिकत असलेल्याला कोणी विचारतच नाही," ती म्हणाली. चूक नव्हतं तिचं. आपल्याकडच्या बहुतेक योजना शिक्षण संपलेल्या बेरोजगारासाठी आखलेल्या आहेत. दोन महिन्यांच्या सुट्टीत चार पैसे कमवू पाहणारी मुलगी त्या आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावी.

तिच्या डोक्यात हे खूळ आलं कुठून, तर चुलतभाऊ कॅनडात शिकतो. त्याने व्हॉइस मेसेज पाठवला होता: इकडे सरकार उन्हाळ्यात पोरांना काम देतं. खरं आहे. 'कॅनडा समर जॉब्स' नावाची योजना आहे, सरकार मालकाला पगारातला वाटा देतं आणि मालक १५ ते ३० वयाच्या तरुणांना कामावर घेतो. मी विचारलं, "मग तुझ्या भावाला मिळालं का?"

"नाही. तो हॉटेलात भांडी घासतो."

मिळणारच नव्हतं. ती योजना तिथल्या नागरिकांना, कायम रहिवाशांना आणि आश्रय मिळालेल्यांना आहे. बाहेरून शिकायला आलेल्यांना नाही. हे ऐकून तिला जरा बरं वाटलं, हे मी पाहिलं. दुसऱ्याचंही अडलेलं आहे हे कळलं की माणूस थोडा सैल होतो. त्यात वाईट काही नाही.

मग तिने खरी गोष्ट काढली. तिठ्यावरच्या सायबर कॅफेवाल्याने सुचवलं होतं की, बारावी पास लिही, कॉलेजचं लिहूच नको, कोण बघतंय? ती त्या मोहात होती, आणि झोप उडण्यामागे ही टोचणीही होती. मी नीतिपाठ दिला नाही. हिशेब मांडला. कार्यप्रशिक्षण तेव्हा सहा महिन्यांचं होतं (पुढे पाच महिने वाढवून अकरा केले), आणि ते रोज हजर राहून करायचं. सुट्टी दीड-दोन महिन्यांची. जूनच्या मध्यावर कॉलेज सुरू झालं की एक तर तिथली हजेरी बुडणार, नाहीतर इथली. खातं आधारला जोडलेलं, कॉलेजातली नोंदही त्याच आधारवर. उद्या विचारणा झाली तर उत्तर कोण देणार, कॅफेवाला? तिने तो कागद फाइलीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला. घेऊन गेली नाही.

आता माझी पाळी होती. "घरात जॉबकार्ड आहे?"

ती गप्प. मग हळूच, "आईचं आहे. पण ते... रोजगार हमीचं ना?"

हो, तेच. सरकारी पैशातून चालणाऱ्या कामांत ही एकच मोठी योजना मला माहीत आहे जिच्या दारावर 'शिक्षण चालू नको' असं लिहिलेलं नव्हतं. केंद्राच्या २००५ च्या कायद्यात अट एवढीच: ग्रामीण कुटुंबातली प्रौढ व्यक्ती, अंगमेहनतीचं काम करायची तयारी. बारावी आहे की बी. कॉम., कोणी विचारत नाही. आणि ही कल्पना आपल्याच मातीतली आहे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ ला महाराष्ट्राने तिचा कायदा केला, केंद्राला तिथवर यायला पुढे २८ वर्षं लागली.

पण सायलीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. तिला सरकारी काम हवं होतं म्हणजे टेबल, पंखा, ओळखपत्राची दोरी. आणि मी तिला घमेलं दाखवत होते. पुढच्या आठवड्यात आली तेव्हा म्हणाली, आजीने ऐकल्याबरोबर विचारलं, "शिकलंस तां खड्डे मारूक?"

इथे थोडी थांबते, कारण खरं समुपदेशन या एका वाक्याभोवती झालं. माहिती अर्ध्या तासात देता येते. लाज तशी जात नाही. मी तिला विचारलं, तुमच्या परड्यातल्या काजू कधीच्या? म्हणाली, आजोबांनी लावलेल्या, नव्वदीतल्या. मग त्या कशा लागल्या ते आजीलाच विचार, म्हटलं. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली आणि कोकणात वरकस पडलेल्या कितीतरी डोंगरउतारांवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली. आजीने सांगितलं ते असं: खड्डे आजोबांनी आणि तिने मिळून मारले, आणि त्याची मजुरी सरकारने दिली. ज्या बिया विकून सायलीचा दहावीचा क्लास झाला, त्या त्याच खड्ड्यांतल्या. आजीचं मत यामुळे बदललं असं म्हणणार नाही. ती एवढंच म्हणाली, "तेवां गोष्ट येगळी." पण सायली हसत सांगत होती, आणि ते मला पुरेसं होतं.

योगायोग असा की घरची चाळीस गुंठे जमीन फळबाग लागवडीला मंजूर होऊन पडलेली होती. कृषी सहाय्यक दोनदा येऊन गेला होता. वडील बोटीवर, आई एकटी, खड्डे मारणार कोण म्हणून अडलं होतं. स्वतःच्या जमिनीवर स्वतः राबायचं आणि त्याची मजुरी खात्यात, असं हे काम. ज्यांना रस्त्याच्या कामावर चारचौघांत जायची लाज वाटते त्यांना मी मुद्दाम हे सांगते. लाज मोडायच्या आधी तिला बगल देता आली तरी चालतं.

कागदपत्रांचं मात्र नीट समजून घ्यावं लागलं. जॉबकार्ड कुटुंबाचं असतं आणि सायली अठरा पूर्ण झाल्यावर तिचं नाव त्यात कोणी घातलंच नव्हतं. आधार, फोटो, ग्रामपंचायतीत अर्ज. मग कामाची मागणी नमुना ४ मध्ये, आणि तारखेची पोच हातात घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, हे मी तिला दोनदा बजावलं. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम मिळायला हवं, नाही मिळालं तर बेकारी भत्त्याचा हक्क त्याच कागदावर उभा राहतो. तोंडी मागणीला काही किंमत नाही. ग्रामरोजगार सेवक ओळखीचा असतो, "देतो गो, घाई कसली" म्हणतो, आणि मुलं संकोचाने परत येतात. १०० दिवसही माणशी नव्हते, घराला मिळून होते. आई आणि ती दोघी कामावर गेल्या की दिवस दुप्पट वेगाने संपतात. महाराष्ट्रात शंभराच्या पुढचे दिवस राज्य आपल्या पैशातून देत होतं, हे फारसं कोणाला ठाऊक नसायचं.

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात दोघींनी खड्डे घेतले. काजूला ७ बाय ७ मीटर अंतर, खड्डा ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच खोल. कागदावर सोपं आहे. कोकणात वर वीतभर माती आणि खाली जांभा दगड. पहिल्या दिवशी दोघींचे मिळून तीन खड्डे झाले. पहारीने हाताला फोड आले, तिने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं "ऑफिस". दुसऱ्या आठवड्यात वाडीतली दोन माणसं मदतीला घेतली, त्यांचीही हजेरी मस्टरवर.

तिच्या नावावर १८ हजेऱ्या लागल्या. त्या वर्षीचा दर ३१२ रुपये, म्हणजे पूर्ण धरले तर ५,६१६. हाती त्याहून थोडे कमी आले, कारण मजुरी मोजमापावर निघते आणि कातळात मोजमाप दगा देतं. आणि पैसे वेळेवर आले नाहीत. नियम १५ दिवसांचा, खात्यात पडले ऑगस्टमध्ये. जूनची फी? कॉलेजने दोन हप्ते करून दिले, त्यासाठी मी आणि ती मिळून प्राचार्यांकडे गेलो होतो. हप्ते मागायला मुलं घाबरतात. साधा अर्ज असतो. पहिला हप्ता मामाने भरला.

खरं बोलायचं तर मे महिन्यात आंब्याच्या पॅकिंगला गेली असती तर तिला रोजची हजेरी जास्त पडली असती, आणि रोखीने. हे मी तिला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. ज्याला फक्त पैसे हवेत आणि पेट्या भरायची, फळं निवडायची सवय आहे त्याने सरकारी योजनेच्या मागे लागून हंगाम वाया घालवू नये. सायलीच्या घरी मुलीने परक्याच्या बागेत जायला वडिलांचा विरोध होता. तो योग्य की अयोग्य यावर माझं मत आहे, पण मी वडिलांची समुपदेशक नव्हते.

जूनपासून कॉलेजच्या 'कमवा आणि शिका'त तिला लायब्ररीचं काम लागलं, तासावर पैसे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ही योजना शिकत असलेल्यांसाठीच आहे, तरी तिच्या फाइलीत तिचा कागद नव्हता! मुलं मुंबई-दिल्लीच्या साइट धुंडाळतात आणि आपल्याच कॉलेजच्या सूचना फलकाकडे बघत नाहीत. सुट्टीत ही योजना बहुधा बंद असते, म्हणून मार्चमध्येच विद्यार्थी विकास विभागात नाव देऊन ठेवावं. प्रवेशाच्या गर्दीत मदतीला हात लागतातच.

विज्ञानाच्या मुलांचं वेगळं. राष्ट्रीय विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असते, दोन महिने प्रयोगशाळेत काम आणि त्याचे पैसे. पण तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात भरायचे असतात. एप्रिलमध्ये माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी फक्त हळहळ देऊ शकते. आणि एक: कार्यप्रशिक्षण असो वा पंतप्रधान इंटर्नशिप, नोंदणीला फी नाही. 'सीट पक्की करायला ५०० पाठवा' असा मेसेज आला की तो मला दाखवायलाही आणू नका, पुसून टाका.

आज कोणी सायलीच्या वाटेने जाणार असेल तर ग्रामपंचायतीत नियम नव्याने विचारावेत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा जुना कायदा बदलून नवा केला, १०० दिवसांचे १२५ झाले, आणि शेतीच्या ऐन हंगामात काम थांबवायची तरतूद आली. पोच घ्यायची सवय मात्र सोडू नका.

सायली टी. वाय.ला आहे. झोप लागते म्हणते, परीक्षेच्या आठवड्यात नाही. लावलेल्या कलमांतली काही पहिल्याच पावसाळ्यात गुरांनी खाल्ली, बाकीची उभी आहेत. तिच्या वाट्याचे पैसे दुसऱ्या हप्त्यात गेले. आईच्या खात्यातले मात्र अजून तसेच आहेत. एटीएमचा पिन ती विसरली आहे, आणि बँकेत जाऊन विचारायची तिला लाज वाटते.