वडिलांच्या एंडोस्कोपी रिपोर्टमध्ये 'लॅक्स एलईएस, इरोसिव्ह अँट्रल गॅस्ट्रायटिस, डी1-डी2 नॉर्मल, आरयूटी पॉझिटिव्ह' असं आहे. याचा अर्थ काय?

मी एंडोस्कोपी विभागात नर्स आहे, असे रिपोर्ट रोज नजरेखालून जातात. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे आणि घरात सगळे धास्तावलेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी तेच सांगते: तुम्ही उतरवून दिलेल्या ओळींत कॅन्सरचा संशय घेणारं काहीही नाही.

दुर्बीण ज्या वाटेने आत जाते, त्याच क्रमाने रिपोर्ट लिहिलेला असतो. आधी अन्ननलिका. ती जठराला मिळते तिथे एक गोल स्नायू असतो, तोच एलईएस. तो सैल पडला की 'लॅक्स'. मग आम्ल वर येतं आणि जेवून लगेच आडवं झालं की छातीत जळजळतं. आम्लाने अन्ननलिकेत जखमा झाल्या असत्या तर 'इसोफेजायटिस' आणि पुढे ग्रेड लिहिली असती. ते नाही, हे चांगलं.

अँट्रम म्हणजे जठराचा खालचा, आतड्याकडे निघणारा भाग. गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराचा दाह. 'इरोसिव्ह' म्हणजे ते अस्तर वरवर खरचटलंय. जखम खोल गेली की तिला अल्सर म्हणतात. तो इथे नाही. वडील गुडघेदुखीसाठी किंवा कशासाठीही वेदनाशामक गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांनीही असं होतं. डी1, डी2 हे लहान आतड्याचे पहिले दोन भाग, ते ठीक आहेत.

खरी महत्त्वाची ओळ शेवटची आहे, आणि घरचे नेमके तिच्याकडे दुर्लक्ष करतात. आरयूटी म्हणजे रॅपिड युरिएज टेस्ट. जठरातून तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेऊन आम्ही तो किटच्या पिवळ्या जेलमध्ये टाकतो. त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असेल, तर त्याचं युरिएज जेलमधल्या युरियापासून अमोनिया तयार करतं आणि पिवळा रंग गुलाबी होतो. कधी काही मिनिटांतच होतो. अल्सरचं मूळ बहुतेक वेळा ताण किंवा तिखट नसून हा जिवाणू असतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं; 2005 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

यावर अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी असा कोर्स देतात, सहसा 14 दिवसांचा. तोंड कडू पडतं, मळमळतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटलं की लोक गोळ्या सोडतात. कृपा करून तसं होऊ देऊ नका. अर्धवट कोर्सने जिवाणू औषधांना दाद देईनासा होतो. कोर्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी तो गेला का, हे श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने बघतात. त्याआधी आम्लाची गोळी 2 आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं यातलं काही झालं तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, चालू असतील तर तेही सांगा.

आणि रिपोर्टच्या तळाशी 'बायोप्सी सेंट' असं आहे का बघा. असेल तर जठराचा तुकडा तपासायला पाठवलाय, त्याचा रिपोर्ट पॅथॉलॉजीकडून वेगळा येतो; भेटीला जाताना घेऊन जा.